साडेचार अब्ज वर्षांची नवार: शाळेच्या मैदानावर जीवसृष्टीचा काळपट कसा अंथरायचा

पुस्तकाच्या पानावर पृथ्वीचा इतिहास छापला की पहिली चार अब्ज वर्षं दोन ओळींत उरकतात आणि बाकीचं पान ट्रायलोबाइट (समुद्रातले जुने कवचधारी जीव), डायनोसॉर आणि मॅमथ व्यापून टाकतात. पानाला मर्यादा असते, त्यामुळे ते समजण्यासारखं आहे. पण मुलांच्या डोक्यात प्रमाण चुकीचं बसतं, ते बसतंच. डायनोसॉर म्हणजे 'अगदी सुरुवातीचे प्राणी' असं नववी-दहावीतली मुलंही सांगतात, ती त्यामुळेच. हे दुरुस्त करायला कागद पुरत नाही, मैदान लागतं. खाली दिलेली पद्धत नाशिकमधल्या मध्यम आकाराच्या शाळेच्या मैदानावर, सोसायटीच्या आवारात किंवा जॉगिंग ट्रॅकवर वापरता येते. सरळ ४६ मीटर जागा पुरे.

मोजमाप

१ सेंटिमीटर म्हणजे १० लाख वर्षं. या एका ओळीवर सगळं उभं आहे आणि मराठी आकडेमोडीला ते सुरेख जुळतं: १० सेंटिमीटरला १ कोटी वर्षं, १ मीटरला १० कोटी, १० मीटरला १ अब्ज. पृथ्वीचं वय ४ अब्ज ५४ कोटी वर्षं, म्हणजे पट्टी ४५ मीटर ४० सेंटिमीटर. एका मिलिमीटरला एक लाख वर्षं, हेही लक्षात असू द्या, शेवटी लागेल.

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, आणि त्या पट्टी आणायच्या आधीच झालेल्या असतात. माहिती बहुधा इंग्रजीतून घेतली जाते. तिथला मिलियन म्हणजे १० लाख आणि बिलियन म्हणजे १०० कोटी, अर्थात १ अब्ज. घाईत '६६ मिलियन'चं '६६ लाख' होतं आणि डायनोसॉरांचा अंत ६६ सेंटिमीटरऐवजी साडेसहा सेंटिमीटरवर येऊन बसतो. मराठी बातम्यांतही ही चूक दिसते, म्हणून तिथला आकडा तपासल्याशिवाय घेऊ नका. एक सोपी पडताळणी: मिलियनमधला आकडा जसाच्या तसा सेंटिमीटर म्हणून वाचा. ६६ मिलियन, ६६ सेंटिमीटर. ५३९ मिलियन, ५ मीटर ३९.

यापेक्षा लहान प्रमाण घेऊ नका. वर्गाच्या भिंतीवर साडेचार मीटरची पट्टी लावली, तर डायनोसॉरांच्या अंतापासून आजपर्यंतचा सगळा काळ ६.६ सेंटिमीटरमध्ये कोंबावा लागतो, आणि आपली मानवजात ०.३ मिलिमीटर, म्हणजे पेनाच्या रेघेइतकी होते. फार मोठं प्रमाणही नको. मीटरला १० लाख वर्षं धरून गोदाकाठाने साडेचार किलोमीटर चालणं मोठ्या माणसांसाठी सुंदर आहे, पण तिथे एका टोकावरून दुसरं टोक दिसत नाही. मुलांना मागे वळून 'आपण तिथून आलो' हे एका नजरेत दिसलं पाहिजे.

पट्टी कशाची

नायलॉनची दोरी ताणली की लांबते, सुतळीवर लिहिता येत नाही, आणि कागदी रोल पहिल्याच वाऱ्यात फाटतो. सर्वांत चांगली खाटेची सुती नवार. ती चपटी असते, जमिनीवर सपाट बसते, तिच्यावर लिहिता येतं आणि चिमटे लावता येतात. भद्रकालीच्या बाजारात दोरखंड आणि नवार विकणाऱ्यांकडे विचारा. ५ सेंटिमीटरच्या आसपास रुंदीची, ४८ मीटर घ्या. जास्तीचे अडीच मीटर आटण्यासाठी आणि दोन्ही टोकांना खुंटीला बांधण्यासाठी.

एका तुकड्यात एवढी लांबी मिळेलच असं नाही. जोड द्यावा लागला तर ५ सेंटिमीटर एकावर एक ठेवून मशीनने दोन आडव्या शिवणी मारा. गाठ मारू नका, गाठ लांबी खाते आणि पायात येते. जोड आजच्या टोकापासूनच्या सहा मीटरांत येऊ देऊ नका, तिथे खुणांची दाटी असते.

आता महत्त्वाचं. शिवल्यावर आणि खुणा करण्याआधी नवार बादलीभर पाण्यात रात्रभर भिजवा आणि न पिळता उन्हात पूर्ण वाळवा. कोरी सुती नवार पहिल्या पाण्याला आटते. ती नुसती २ टक्के आटली तरी ४५ मीटरांत ९० सेंटिमीटरची घट येते, म्हणजे डायनोसॉर संपल्यापासूनच्या सगळ्या काळापेक्षा जास्त! खुणा केल्यावर पट्टी दवात किंवा पावसात भिजली की नेमकं हेच होतं. ते आधीच होऊन गेलेलं बरं.

खुणा

शून्य आजच्या टोकाला ठेवा, पृथ्वीच्या जन्माच्या टोकाला नाही. कारण असं: अलीकडच्या घटनांच्या तारखा काटेकोर आहेत आणि तिथे मिलिमीटरला किंमत आहे. जन्माच्या टोकाला ५ सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही.

बांधकामावर वापरतात ती ३० मीटरची फायबर टेप मिळवा. नवार दोन माणसांनी हलकी ताणून धरायची, तिसऱ्याने खुणा करायच्या. प्रत्येक खूण शून्यापासूनच मोजा, आधीच्या खुणेपासून नाही. वर्गातली एक मीटरची पट्टी पुढे पुढे सरकवत मोजलं आणि दरवेळी २ मिलिमीटरची चूक झाली, तर ४५ मीटरांवर ती ९ सेंटिमीटर होते, म्हणजे ९० लाख वर्षं. टेपने फक्त एकदाच, ३० मीटरवर, थांबावं लागतं.

दर मीटरला पूर्ण रुंदीची आडवी रेघ आणि बाजूला आकडा: १० कोटी, २० कोटी, असं. शेवटच्या सहा मीटरांत दर १० सेंटिमीटरला अर्धी रेघ. शेवटच्या एका मीटरात प्रत्येक सेंटिमीटरला छोटी रेघ. साध्या मार्करची शाई नवारीत पसरते आणि बारीक रेघा एकमेकींत मिसळतात, म्हणून शेवटच्या मीटरासाठी बॉलपेन किंवा कापडावरचा रंग बारीक ब्रशने वापरा. आधी टोकाच्या फालतू भागावर करून बघा.

रिकामे चाळीस मीटर

सगळ्यात जास्त काम इथे आहे, आणि बहुतेक जण हाच भाग वाया घालवतात. पृथ्वीच्या जन्मापासून कँब्रियन कालखंडाच्या सुरुवातीपर्यंत (सुमारे ५३ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी) ४० मीटर होतात. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटरची असते, म्हणजे जवळजवळ दोन खेळपट्ट्या एकापुढे एक. मुलांना असंच सांगा, लगेच कळतं. अगदी शेवटचे काही सेंटिमीटर सोडले तर एवढ्या अंतरात कवचाचा, हाडाचा, पायाचा एकही प्राणी नाही. मैदान रिकामं दिसतं म्हणून इथे चित्रं भरायचा मोह होतो. भरू नका. पट्टी जे सांगते त्यातला मोठा भाग हाच रिकामेपणा आहे. मोजकीच कार्डं ठेवा, पण ठोस वस्तूंसह.

४४ मीटरवर: पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधले झिरकॉनचे कण, ४ अब्ज ४० कोटी वर्षांचे. पृथ्वीवर सापडलेलं हे सर्वांत जुनं खनिज. इथे वाळूचे चार दाणे एका बाटलीत ठेवा आणि सांगा की ते कण या वाळूएवढेच आहेत.

३४ मीटर ८० वर, म्हणजे जन्मापासून साडेदहा मीटर चालून आल्यावर, स्ट्रोमॅटोलाइट. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्याच पिलबारा भागातले हे थरांचे उंचवटे ३ अब्ज ४८ कोटी वर्षांपूर्वीचे. उथळ पाण्यात सूक्ष्मजीवांची चिकट साय धरते, तिच्यावर गाळ बसतो, त्यावर पुन्हा साय, पुन्हा गाळ, असा तो उंचवटा वाढतो. समजवायला खाजाच्या पुड्यांचं उदाहरण पुरतं: उभा छेद घेतला की थर दिसतात. ही जीवसृष्टीची भक्कम मानली जाणारी जुनी खूण आहे. त्याहून जुने दावे आहेत, पण त्यांवर वाद चालू आहे. कार्डावर वादग्रस्त आकडा छापू नका.

२४ मीटरवर एका वाटीत गेरू ठेवा. प्रकाशातून अन्न बनवणाऱ्या सायनोबॅक्टेरियांनी टाकलेला ऑक्सिजन साधारण इथे हवेत साठू लागला. त्याआधी समुद्रात विरघळलेल्या लोहाशी तो जुळत गेला आणि त्याची गंजासारखी लाल ऑक्साइडं तळाशी बसत गेली. जगातल्या लोहखनिजाच्या मोठमोठ्या पट्ट्यांमागे हीच प्रक्रिया आहे. कुंडीला लावायचा गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइडच. मुलांना बोटाने तो लावून बघू द्या. इथपर्यंतचा, म्हणजे जवळजवळ निम्म्या पट्टीचा, काळ आपण ज्यात गुदमरून मेलो असतो अशा हवेचा होता.

१६ मीटरवर चित्रकूट. विंध्य खडकांतल्या १ अब्ज ६० कोटी वर्षं जुन्या थरांत लाल शैवालासारख्या पेशीरचनेचे जीवाश्म सापडले आणि २०१७ मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं. केंद्रक असलेल्या गुंतागुंतीच्या पेशी तोवर आल्या होत्या, याचा हा आपल्या देशातला पुरावा. पुढे १०.५ मीटरवर कॅनडाच्या आर्क्टिक भागातलं बँगिओमॉर्फा हे लाल शैवाल. लैंगिक प्रजननाचा सर्वांत जुना ज्ञात पुरावा म्हणून ते महत्त्वाचं आहे.

याच टप्प्यात, नेमक्या एका खुणेवर नव्हे तर पट्टीच्या बाजूला, काळ्या कडप्प्याचा तुकडा ठेवा. फरशीवाल्याकडे पडलेले तुकडे मिळतात. नाशिकच्या कितीतरी घरांत ओटा कडप्प्याचा असतो, आणि तो म्हणजे प्रोटेरोझोइक (कँब्रियनच्या आधीच्या) काळातल्या समुद्रतळाचा चुनखडीयुक्त गाळ. त्यात शंख-शिंपला शोधायला सांगा. मिळणार नाही, कारण शंख-शिंपले अजून जन्मालाच आले नव्हते. रिकामे मीटर समजावायला यापेक्षा घरगुती पुरावा नाही.

७ मीटर १७ पासून ६ मीटर ६० पर्यंत औषधाच्या दुकानातली पांढरी गॉजपट्टी नवारीवर टाचा. दुसरा छोटा तुकडा असा टाचा की तो ६ मीटर ३५ वर संपेल. या दोन हिमयुगांत बर्फ विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांपर्यंत पोचलं होतं.

५ मीटर ७५ पासून एडिअकारा काळातले मऊ अंगाचे, पानासारखे किंवा चकतीसारखे मोठे जीव. इथे एक सावधगिरी. २०२१ मध्ये भीमबेटकाच्या गुहेत डिकिन्सोनिया या जीवाचा जीवाश्म मिळाल्याचं जाहीर झालं आणि मराठीतही त्याच्या बातम्या आल्या. २०२३ मध्ये इतर अभ्यासकांनी दाखवलं की ती छतावरच्या पोळ्याची उरलेली खूण होती, आणि मूळ संशोधकांनीही ते मान्य केलं. जुने लेख अजून तसेच फिरत आहेत, तेव्हा हे कार्ड करू नका. किंवा मुद्दाम करा आणि त्यावर ही हकिकत लिहा. विज्ञानात चूक कशी सुधारली जाते हे मुलांना त्यातून फार चांगलं कळतं.

५ मीटर ३९ पासून पुढे

आता कार्डं दाटू लागतात. ५ मीटर ३९ ला कँब्रियन सुरू. ५ मीटर २१ च्या आसपास पहिले ट्रायलोबाइट. ४ मीटर ७० ला जमिनीवरच्या वनस्पतींचे सर्वांत जुने बीजाणू. ३ मीटर ७५ ला टिक्टालिक: खवले आणि कल्ले माशाचे, पण मान वळते आणि परांत मनगटाची हाडं. कॅनडात २००४ मध्ये तो मिळाला. त्याच्या जवळच एक लहान कार्ड लावा: त्या काळातल्या प्रवाळांच्या वाढीच्या रेघा मोजल्या तर वर्षाचे सुमारे ४०० दिवस भरतात. पृथ्वी तेव्हा स्वतःभोवती जास्त वेगाने फिरत होती, दिवस लहान होता. मुलं या कार्डापाशी हमखास रेंगाळतात.

२ मीटर ९९ ते २ मीटर ५२ हा पर्मियन काळ. इथे दगडी कोळशाचा तुकडा ठेवा. भारतातला बहुतेक कोळसा गोंडवनाच्या थरांतला आहे, आणि त्यातला मोठा भाग याच काळातल्या ग्लॉसोप्टेरिस या झाडांच्या दलदलीतला. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी सगळ्यांनी पाहिलेली असतात, तेव्हा तिथे काय जळतं ते इथे दाखवता येतं. युरोपातला कोळसा याआधीच्या कार्बोनिफेरस काळातला आहे. परदेशी तक्त्यावरून उतरवलेलं कार्ड आपल्या कोळशाला चालत नाही.

२ मीटर ५२ ला लाल फीत बांधा. सायबेरियातल्या प्रचंड लाव्हाप्रवाहांच्या काळात झालेलं हे सर्वांत मोठं सामूहिक विलोपन, समुद्रातल्या बहुसंख्य जाती त्यात नष्ट झाल्या. ट्रायलोबाइटांचे शेवटचे वंशजही इथेच संपले.

डायनोसॉर २ मीटर ३० च्या आसपास येतात. दुकानात मिळणारे प्लॅस्टिकचे प्राणी वापरायला हरकत नाही, पण पाकिटातले सगळे एकत्र उभे करू नका. पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन डायनोसॉर नाहीच. तो २ मीटर ९० च्या आसपासचा आणि सस्तन प्राण्यांच्या वंशाला जवळचा. उडणारे टेरोसॉरही डायनोसॉर नव्हेत. स्टेगोसॉरस १ मीटर ५० वर, त्याच्याच आसपास पिसं असलेला आर्किऑप्टेरिक्स. टायरॅनोसॉरस ६८ सेंटिमीटरवर. आता टेप लावून मुलांना मोजायला सांगा: स्टेगोसॉरस ते टायरॅनोसॉरस ८२ सेंटिमीटर, टायरॅनोसॉरस ते आपण ६८. म्हणजे टायरॅनोसॉरस स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जवळचा. हे सांगू नका, मोजू द्या.

टायरॅनोसॉरस भारतात नव्हता. आपल्याकडच्यांसाठी ७० सेंटिमीटरच्या आसपास दोन कार्डं करा: गुजरातेत राहिओलीला मिळालेला मांसाहारी राजासॉरस, २००३ मध्ये वर्णन झालेला, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा लांब मानेचा शाकाहारी इसिसॉरस. महाराष्ट्रातला डायनोसॉर म्हटल्यावर मुलं वेगळ्या डोळ्यांनी बघतात. सस्तन प्राणी मात्र २ मीटरच्या आसपासच येऊन राहिलेले असतात, तेही उंदराएवढे. ते कार्ड विसरू नका. फुलं १ मीटर ३० च्या आसपास. ८८ सेंटिमीटरला भारत मादागास्करपासून सुटतो.

सहासष्ट सेंटिमीटर: नाशिकची खूण

इथे बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचा, ठोकळा ठेवा, आणि तो इतर सगळ्या वस्तूंपेक्षा मोठा असू द्या. ज्या मैदानावर नवार अंथरली आहे त्याच्याखाली हाच खडक आहे. बांधकामाच्या ढिगातली खडी किंवा शेताच्या बांधावरचा दगड चालतो. पांडवलेणीचा किंवा कुठल्याही किल्ल्याचा दगड फोडून आणू नका, ती संरक्षित वारसास्थळं आहेत.

डेक्कन ट्रॅपचा, म्हणजे दख्खनच्या पठारावरच्या लाव्हाथरांचा, बहुतेक लाव्हा या खुणेच्या आसपास, सुमारे १० लाख वर्षांत वाहिला. आपल्या पट्टीवर हा जेमतेम एक सेंटिमीटर. तेवढ्या रुंदीत नवारीवर काळा दोरा गुंडाळा. ब्रह्मगिरी, अंकाई-टंकाई, कळसूबाईची रांग हे सगळं या एका सेंटिमीटरातलं आहे. सह्याद्रीतल्या लाव्हाथरांच्या क्रमवारीत तळाच्या थरांना तर जव्हार आणि इगतपुरी हीच नावं दिली आहेत. घाटात रस्त्याच्या कापाजवळ थर दिसतात, मधूनमधून विटकरी मातीचा पट्टा असतो. दोन लाव्हांच्या मध्ये काळ गेला, वरचा खडक झिजून माती झाली आणि तिच्यावर पुढचा लाव्हा आला, असा त्याचा अर्थ.

याच खुणेवर मेक्सिकोतल्या चिक्शुलूबला सुमारे १० किलोमीटर व्यासाचा अशनी आदळला. विलोपनाचं मुख्य कारण तो आघात, असा बहुसंख्य अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. डेक्कनच्या वायूंचा वाटा किती, यावर चर्चा चालू आहे. कार्डावर दोन्ही लिहा. आणि 'डायनोसॉर नामशेष' असं न लिहिता 'पक्षी सोडून बाकीचे डायनोसॉर नामशेष' असं लिहा. कुंपणावरच्या कावळ्याकडे बोट दाखवायची हीच वेळ.

इथे प्रत्येक गट विचारतो: मग नाशिकमध्ये डायनोसॉरची हाडं का सापडत नाहीत? उत्तर तयार ठेवा. आपल्या पायाखाली लाव्हाच्या थरांवर थर आहेत, सह्याद्रीत काही ठिकाणी त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. तापलेल्या लाव्हात हाड टिकत नाही आणि त्याआधीची जमीन खाली गाडलेली आहे. दोन लाव्हांमधल्या शांत काळात कुठे तळं साचलं असेल तर त्या गाळात जीवाश्म मिळतात, मुंबईत वरळीच्या टेकडीत असे बेडूक मिळाले आहेत.

दुसरी गोष्ट, मुलं हमखास घरून 'जीवाश्म' घेऊन येतात. विहिरीच्या किंवा खाणीच्या दगडात मिळालेले पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक म्हणजे झिओलाइट आणि त्यांचे सोबती. लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर गरम पाण्यातून ते वाढले. गोल पोकळी स्फटिकांनी भरली की अंड्यासारखी दिसते, पण ते अंडं नव्हे. खडकाच्या भेगेत नेच्यासारखी काळी नक्षी दिसली तर ती बहुधा मँगनीज ऑक्साइडची असते. ओळखायची खूण: नक्षी भेगेच्या कडेपासून फुटत जाते, आणि पानाला असतो तसा मधला शिरेचा दांडा तिला नसतो. मुलाने आणलेला दगड नाकारू नका, ६६ सेंटिमीटरच्या ठोकळ्याशेजारी नाव लिहून ठेवा. उत्तम स्फटिक दाखवायचे असतील तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय आहेच.

शेवटचे काही सेंटिमीटर

५० सेंटिमीटरच्या आसपास भारत आशियाला धडकला आणि हिमालयाची घडण सुरू झाली. ४७ सेंटिमीटरला कच्छच्या पानंध्रो लिग्नाइट खाणीतला प्रचंड साप वासुकी, २०२४ मध्ये वर्णन झालेला. त्याच सुमाराच्या कच्छमधल्या थरांत आदिम देवमाशांचे जीवाश्म आहेत.

शेवटच्या ७ सेंटिमीटरांत कार्ड लावता येत नाही. तिथे टाचण्या आणि रंगीत दोरे वापरा: टाचणी नेमक्या खुणेवर, दोरा बाजूला ओढून कार्ड अर्ध्या मीटरवर जमिनीत रोवलेल्या काडीला. ३.२ सेंटिमीटर: इथिओपियातली ल्यूसी, माणसाच्या आदिम नातलगाचा प्रसिद्ध सांगाडा. २.६ पासून हिमयुगांचा काळ. १.५: तमिळनाडूतल्या अत्तिरंपक्कमची दगडी हत्यारं. याच पट्ट्यात आपलं स्थानिक कार्ड येतं. नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या खडीच्या थरांत पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांना अश्मयुगीन हत्यारं मिळाली होती. नांदूर मधमेश्वर भागातल्या नदीगाळात हत्तीच्या नामशेष जातीचे अवशेषही मिळाले आहेत. या दोन्हींना एका बिंदूवर न टाचता 'शेवटचे अडीच सेंटिमीटर' असा कंस काढा.

आपली जात, होमो सेपियन्स: ३ मिलिमीटर. पांडवलेणी सुमारे दोन हजार वर्षांची, म्हणजे ०.०२ मिलिमीटर. वहीचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. नवारीच्या टोकाला कागदाचा कपटा उभा चिकटवा आणि सांगा: शेतीची सुरुवात, गावं, लेणी, रामकुंडावरचा पहिला घाट, आपण शाळेत शिकतो तो सगळा लेखी इतिहास या कागदाच्या जाडीत मावतो.

कार्डं, दिवस आणि वारा

कार्डं ए-५ आकाराची, जाड कार्डशीटची, तीसच्या आत. प्रत्येकावर चारच गोष्टी: नाव, किती वर्षांपूर्वी, पट्टीवरचं अंतर, आणि जीवाश्म कुठे मिळाला. अंतर लिहिलेलं असलं की कोणीही चूक पकडू शकतो, आणि मुलं पकडतातच. चित्राखाली परिच्छेद लिहू नका, उभ्याने कोणी वाचत नाही. कार्डं शिवू नका, कपड्यांच्या चिमट्याने लावा. नव्या संशोधनाने तारखा सरकतात, तेव्हा फक्त चिमटा हलवायचा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी योग्य. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ठेवायचं असेल तर सावलीची बाजू बघा, ११ नंतर ऊन लागतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी गवतावर दव असतं, म्हणून साडेआठच्या आधी नवार उलगडू नका. वाऱ्यासाठी दर तीन मीटरला एक अर्धी वीट. मुरमाड मैदानावर खुंटीऐवजी १० इंची खिळा ठोका आणि त्याच्या डोक्यावर बूच बसवा, कोणी अडखळून पडायला नको. जागा कमी असेल तर नवार यू आकारात वळवायला हरकत नाही, खुणा नवारीवरच असल्याने मोजमाप बिघडत नाही. वळण मात्र २० ते ३० मीटरच्या दरम्यान घ्या. शेवटचे सहा मीटर सरळच हवेत.

एका वेळी २० मुलं, दोन्ही बाजूंना दहा-दहा. सुरुवात जन्माच्या टोकाकडून. मुलाचं एक पाऊल अर्धा मीटर धरलं तर पाच कोटी वर्षं, आणि पूर्ण पट्टी ९१ पावलांची. पावलं मोठ्याने मोजायला लावा. ४४ मीटर ते ३४.८ मीटरच्या मध्ये काहीच बोलू नका, अठरा पावलं नुसती चालू द्या. 'सर, अजून काही नाही का?' असं कोणीतरी विचारतंच, तिथेच पुढचं समजावणं सुरू होतं. एकूण ४५ मिनिटं धरा: रिकाम्या चाळीस मीटरांना वीस, डायनोसॉरांना पाच, बेसॉल्टला दहा, बाकी शेवटाला. डायनोसॉरांना जास्त वेळ दिला की सगळे तिथेच साचतात आणि मागचे मोजणं सोडून देतात.

गुंडाळताना शून्य टोकापासून सुरुवात करा, जुन्या पीव्हीसी पाइपच्या हातभर तुकड्यावर. म्हणजे पुढच्या वेळी उलगडताना आधी पृथ्वीचा जन्म बाहेर येतो, आणि नाजूक टाचण्यांचा भाग आत, सुरक्षित राहतो. ठेवण्याआधी नवार पूर्ण वाळलेली आहे ना बघा, ओली गुंडाळली की बुरशी धरते आणि रेघा जातात. दरवर्षी वापरण्याआधी टेप लावून ३० मीटरची एकच खूण तपासा. ती १० सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली असेल तर खुणा नव्याने करा, नवार उलटी करून कोऱ्या बाजूवर.